देवडी, ओसरी आणि ऑर्डरची मेल

प्रश्न : ताई, भोसरी एमआयडीसीत आमचा मशीनचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. मी अकाउंट्स बघतो, पण कम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून मेल सर्व्हरही माझ्याच गळ्यात. उबुंटू लिनक्सवर मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट, पंचवीसेक मेलबॉक्स. साहेबांना आता असं हवंय, की ऑर्डरची मेल आली की विषयात आमचा जॉब नंबर आपोआप पडावा आणि सोबतचं पीडीएफ ड्रॉइंग डिझाइनवाल्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसावं. ट्रेनिंगला आलेला मुलगा म्हणतो, पोस्टफिक्सचा सोर्स कोड उघडाच असतो, त्यातच चार ओळी घालू. करू द्यावं का? गुरुवारी आमची सुट्टी असते, तेव्हा सर्व्हरला हात लावता येईल.
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी त्या मुलाच्या हातातला रूट पासवर्ड, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू देणारी किल्ली, काढून घ्या आणि मग त्याला चहा पाजा. इतकी हौस असलेली मुलं सहज मिळत नाहीत, पण सोर्स कोड नको. चार ओळी घालणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्या चार ओळी पुढची दहा वर्षं कोण सांभाळणार? उबुंटूचा एखादा सुरक्षा अपडेट येईल, तुमच्या बदललेल्या पोस्टफिक्सवर ताजा पोस्टफिक्स बसेल आणि जॉब नंबर पडायचे बंद होतील. तोवर तो मुलगा बाणेरच्या कुठल्यातरी कंपनीत लागलेला असेल. मग तुम्ही घाबरून अपडेटच बंद करून टाकाल, ते त्याहून वाईट.

शिवाय त्याची गरजही नाही. पोस्टफिक्स वीत्झे व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिला आणि १९९८ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधी सेंडमेलचं राज्य होतं, म्हणजे एकच अवाढव्य प्रोग्राम सगळं करायचा. व्हेनेमांनी कामं वाटून दिली. बाहेरून मेल घेणारा वेगळा, हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या पाठवणारा-विषय वगैरे ओळी, नीटनेटके करून रांगेत ठेवणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पोचवणारे वेगळे. या मंडळींच्या मधे तुमचा स्वतःचा प्रोग्राम बसवायच्या जागा त्यांनी ठरवूनच ठेवल्यात. तुम्ही फक्त कोणत्या जागी बसायचं ते ठरवा.

मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढले. दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला देवडी, पुढे चौक, मग ओसरी. आलेल्या माणसाला दारातूनच परत लावायचं असेल तर ते काम देवडीवर. एकदा तो ओसरीवर येऊन टेकला, पाणी प्यायला, की मग त्याला ‘चला, निघा’ म्हणणं अवघड. मेलचं तसंच आहे.

देवडीवर बसवायच्या प्रोग्रामला ‘मिल्टर’ म्हणतात. ही सोय मुळात सेंडमेलची. २००६ मध्ये २.३ आवृत्तीपासून पोस्टफिक्सलाही ती कळायला लागली. पाठवणाऱ्याचा सर्व्हर अजून फोनवर असतो. कोण बोलतंय, लिफाफ्यावर पाठवणारा कोण, घेणारे कोण, मग हेडर, मग मजकूर, हे सगळं मिल्टरला एकेक करून ऐकू येतं. शेवटी पाठवणारा एका ओळीवर नुसता पूर्णविराम ठेवतो आणि ‘२५०, मिळालं’ या उत्तराची वाट बघत थांबतो. मिल्टर या क्षणी नाही म्हणाला तर ती मेल आपल्या गळ्यात पडतच नाही, पाठवणाऱ्याला कळवायची जबाबदारी त्याच्याच सर्व्हरची. स्पॅम आणि व्हायरस अडवायला म्हणूनच ही जागा उत्तम.

पण देवडीवर रेंगाळता येत नाही. तुमचा प्रोग्राम पीडीएफ उघडतोय, नेटवर्कवरच्या फोल्डरला जोडतोय, तेवढ्यात ते फोल्डर झोपलं, आणि तिकडे समोरचा ताटकळतोय. या टप्प्यावर १० मिनिटं थांबावं असं एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचा, नियम पाठवणाऱ्याला सांगतो, पण पोस्टफिक्स स्वतः मजकुराच्या बाबतीत मिल्टरसाठी ५ मिनिटंच थांबतो. मग ‘थोड्या वेळाने या’ असं उत्तर जातं, समोरचा तीच मेल पुन्हा पाठवतो आणि तुमचा प्रोग्राम त्याच ऑर्डरला दुसरा जॉब नंबर देतो. साहेब विचारतात, या दोन ऑर्डरी आल्या कुठून?

ओसरीवरची जागा म्हणजे ‘कंटेंट फिल्टर’. मेल घेतली, ‘मिळालं’ म्हटलं, रांगेत ठेवली, आणि मग सवडीने तुमच्या प्रोग्रामकडे दिली. तो वाचतो, बदलतो आणि पुन्हा पोस्टफिक्सच्या हवाली करतो. इथे घाई नाही. पण नकार द्यायची वेळ निघून गेलेली असते. इथून ‘नको’ म्हणाल तर परतीची चिठ्ठी तुमच्या सर्व्हरला लिहावी लागते, आणि स्पॅमवाल्याने पाठवणारा म्हणून भलत्याचाच पत्ता घातलेला असला तर ती चिठ्ठी त्या बिचाऱ्याला जाते. तुम्हाला कुणाला हाकलायचं नाही, फक्त नंबर टाकायचाय आणि ड्रॉइंग काढून घ्यायचंय. तेव्हा तुमची जागा ओसरी.

आता नारायण पेठेतल्या ज्या छापखान्यात मी १९ वर्षं नोकरी केली, तिथली गोष्ट. तिथे मी असाच एक फिल्टर बसवला होता. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, काहीही छपाईला आलं की विषयाआधी काम क्रमांक. स्क्रिप्ट बारा-तेरा ओळींची. पोस्टफिक्स मेल स्क्रिप्टला देतो, स्क्रिप्ट ती एका तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवते, विषय बदलते आणि ‘सेंडमेल’ या आज्ञेने परत आत ढकलते. (नाव जुन्या सेंडमेलचंच, पण ही आज्ञा पोस्टफिक्सची.) त्या आज्ञेला ‘-टी’ नावाचा एक पर्याय आहे. तो दिला की घेणाऱ्यांचे पत्ते मेलच्याच ‘टू’ आणि ‘सीसी’मधून उचलले जातात. मला वाटलं, वा, किती सोपं! पोस्टफिक्सच्या माहितीपत्रकातल्या नमुना स्क्रिप्टमध्ये याच ठिकाणी ‘नेव्हर, नेव्हर, नेव्हर’ असं तीनदा मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मी ते वाचलं होतं. आईने ‘विस्तवाला हात लावू नको’ म्हटलेलं जसं आपण ऐकतो, तसं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी एका लग्नपत्रिकेचा मजकूर आला. पाठवला मुलीच्या वडिलांनी, आमच्या पत्त्यावर, आणि सीसीमध्ये दोन्हीकडचे मिळून चाळीसेक नातेवाईक. त्यांच्या सर्व्हरने चाळीस जणांना मेल पोचवली होतीच, आमच्याकडे फक्त आमची प्रत आली होती. माझ्या स्क्रिप्टने ‘सीसी’ वाचलं आणि सगळ्यांना पुन्हा पाठवली, वर आमचा काम क्रमांक लावून. मग कुणीतरी मामा ‘रिप्लाय ऑल’ करून ‘छान जमलंय’ म्हणाले. ‘रिप्लाय ऑल’मध्ये आम्हीही होतो. ते ‘छान जमलंय’ आमच्याकडे आलं आणि आमच्याकडून चाळीस जणांना पुन्हा गेलं, नवा काम क्रमांक घेऊन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या लग्नाचे आमच्याकडे सतरा काम क्रमांक झाले होते. मालक माझ्या टेबलापाशी आले आणि एवढंच म्हणाले, “अहो, वऱ्हाड आपल्याकडेच उतरलंय का?”

लिफाफा आणि आतलं पत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी त्या दिवशी शिकले. पत्रावर ‘टू’मध्ये काहीही लिहिलेलं असो, पोचवायचं कुणाला हे लिफाफ्यावर असतं. पोस्टफिक्स लिफाफ्यावरचे पत्ते स्क्रिप्टला वेगळे देतो, तेच जसेच्या तसे पुढे द्यायचे.

त्याच आज्ञेचे दोन पर्याय मात्र हवेतच. ‘-जी’ म्हणजे ही मेल बाहेरून आलेली आहे, घरची समजून तिचे हेडर सजवू नका. आणि ‘-आय’. याचं महत्त्व मला एका कवींनी शिकवलं. त्यांना दोन कडव्यांच्या मधे एका ओळीवर एकच टिंब द्यायची सवय होती. ‘-आय’ नसेल तर ‘सेंडमेल’ला ते टिंब म्हणजे पत्र संपल्याची खूण वाटते. अख्खा संग्रह त्यांनी मेलने पाठवला, आमच्या कंपोझिटरच्या हातात पहिलं कडवं पडलं. अल्पाक्षरी कविता असेल असं त्याला वाटलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तुमचा प्रोग्राम मेला तर मेलचं काय? डिस्क भरते, फोल्डर गायब होतं, पायथनची लायब्ररी बदलते. हे होणारच. स्क्रिप्ट संपताना एक आकडा मागे ठेवते. ० म्हणजे झालं. ७५ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, नंतर बघू’, मग पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ दिवसांपर्यंत. पण स्क्रिप्ट निष्काळजीपणे लिहिलेली असली तर ती मरताना १ सोडून जाते, आणि १ दिसला की पोस्टफिक्स मेल थेट ग्राहकाला परत पाठवतो. तुमची डिस्क भरली म्हणून ग्राहकाची ऑर्डर परत! तेव्हा त्या मुलाला सांगा, तात्पुरती फाइल लिहिता आली नाही तर ७५, पीडीएफ वाचता आलं नाही तर ७५, काहीही अनपेक्षित झालं तर ७५. आणि रांगेत काय साठलंय ते रोज सकाळी ‘मेलक्यू’ने बघायचं. नाहीतर ५ दिवस शांतता आणि सहाव्या दिवशी बोंब.

भोवऱ्याचंही सांभाळा. स्क्रिप्टने परत आत ढकललेली मेल पुन्हा त्याच स्क्रिप्टकडे आली की ती गरगरत राहते. हेडरमध्ये ५० टप्पे मोजून झाले की पोस्टफिक्स कंटाळून ती परत पाठवतो, पण तोवर सर्व्हर धापा टाकतो. उपाय साधा आहे. फिल्टरची ओळ पोस्टफिक्सच्या ‘मेन डॉट सीएफ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये घालू नका, ती सगळ्यांना लागू होते. ‘मास्टर डॉट सीएफ’मध्ये बाहेरून मेल घेणाऱ्या एसएमटीपीच्या नोंदीखाली घाला. ‘सेंडमेल’ने परत येणारी मेल दुसऱ्या दाराने येते, तिला फिल्टर लागत नाही.

इतकं सगळं सांगून झाल्यावर आता म्हणते, हेही करू नका. निदान आधी नको.

ऑर्डरसाठी वेगळा पत्ता असेलच, नसेल तर काढा. पोस्टफिक्समध्ये ‘रेसिपियंट बीसीसी मॅप्स’ नावाची सोय आहे. एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची, की ऑर्डरच्या पत्त्यावर जे येईल त्याची एक प्रत ‘जॉब’ नावाच्या मेलबॉक्समध्ये टाक. बस. मूळ मेलला कुणी हात लावत नाही, ती जायची तिथे जाते. मग त्या मुलाला एक पायथनचा प्रोग्राम लिहू द्या, जो दर दोन मिनिटांनी डव्हकॉटमधून तो मेलबॉक्स उघडेल, नवीन मेल वाचेल, नंबर देईल, ड्रॉइंग फोल्डरमध्ये ठेवेल आणि मेल ‘झालेल्या’ फोल्डरमध्ये सरकवेल. प्रोग्राम बंद पडला तर नंबर उशिरा पडतील, पण एकही ऑर्डर हरवणार नाही. मेल वाहून नेणं आणि मेल वाचणं ही कामं वेगळी ठेवलीत तर रात्री शांत झोप लागते.

विषयातल्या नंबराचं काय? साहेबांना विचारा, नंबर नेमका कुणाला दिसायला हवाय. बहुधा ग्राहकाशी पुढचा पत्रव्यवहार त्या नंबराने व्हावा एवढंच त्यांना हवं असेल. मग मूळ मेलचा विषय बदलण्यापेक्षा प्रोग्रामने ग्राहकाला उत्तर पाठवावं, ‘ऑर्डर मिळाली, जॉब नंबर अमुक’. पुढच्या उत्तरांत तो नंबर आपसूक राहील. विषय बदलण्यात आणखी एक खोट आहे. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल वाटेत बदललेली नाही याची पाठवणाऱ्या सर्व्हरने दिलेली खूण, बहुतेक वेळा विषयावरही असते. विषयाचं एक अक्षर बदललं की सही मोडते, आणि ती मेल तुम्ही पुढे बाहेर कुठे फॉरवर्ड केलीत की समोरचा सर्व्हर संशयाने बघतो. नवं हेडर घातलं तर असं होत नाही, म्हणजे नंबर तुमच्याच माणसांना हवा असेल तर तो वेगळ्या हेडरमध्ये घालता येतो. त्यासाठी देवडीवरचा हलका मिल्टर चालेल. साहेब तरीही विषयावरच अडून बसले तर वरचा फिल्टर आहेच.

दोन गोष्टी मुलाला बजावून सांगा. एक, प्रत्येक मेलला स्वतःचा मेसेज-आयडी असतो. नंबर देताना तो वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहून ठेवायचा आणि तोच आयडी पुन्हा आला तर नवा नंबर द्यायचा नाही. माझे सतरा काम क्रमांक त्याने टळले नसते, कारण मामांच्या प्रत्येक उत्तराला नवा आयडी होता, पण तुमच्या दुहेरी ऑर्डरी टळतील. दोन, सोबतच्या फाइलचं नाव ग्राहकाने दिलेलं असतं. ते कधीही जसंच्या तसं वापरायचं नाही. त्यात तिरक्या रेघा असतील, टिंबं असतील, मुद्दाम घातलेली आज्ञाही असेल. फाइलला आपल्या जॉब नंबरचं नाव द्या आणि ग्राहकाचं नाव नुसतं नोंदून ठेवा. आणि प्रोग्राम रूट म्हणून चालवू नका. त्याच्यासाठी लॉगिन नसलेला वेगळा युजर काढा.

आणि गुरुवारी सुरुवात करताना पोस्टफिक्सचं ‘सॉफ्ट बाउन्स’ हे सेटिंग ‘येस’ करून ठेवा. मग सर्व्हर जिथे कायमचा नकार देणार असेल तिथे ‘नंतर या’ म्हणतो, आणि तुमच्या चुकांमुळे मेल परत न जाता रांगेत थांबते. शुक्रवारी कारखाना सुरू झाला, सगळं ठीक चाललं, की ते काढायला विसरू नका. मी एकदा तीन आठवडे विसरले होते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक जाणाऱ्या मेलखाली वेळ आणि पत्ता असलेली दोन ओळींची मराठी सूचना आपोआप यावी म्हणून स्क्रिप्ट लावली. ती मेलच्या शेवटी मजकूर जोडते. काही सभासदांना सूचना दिसते, काहींना दिसतच नाही, आणि काहींना सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतात. — कार्यवाह, कसबा पेठ

उत्तर : तिघंही बरोबर सांगताहेत. आजची मेल म्हणजे एक सलग कागद नसतो, पाकिटात पाकिटं असतात. साधा मजकूर एका पाकिटात, एचटीएमएल दुसऱ्यात, पोस्टर तिसऱ्यात. शेवटचं पाकीट बंद झाल्याची खूण असते, आणि तिच्यानंतर तुम्ही जे जोडता ते मेल वाचणारा प्रोग्राम बघतच नाही. मराठी मजकूर बऱ्याचदा बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळलेला असतो, त्याच्या शेपटीला साधी अक्षरं चिकटवली तर काहीही होऊ शकतं. आणि ज्या मेलने आपण युनिकोड असल्याचं सांगितलेलंच नाही, तिच्यात मराठी ओळी घातल्या की प्रश्नचिन्हं.

हे नीट करायचं तर मेल उलगडून, प्रत्येक मजकुराच्या पाकिटात त्याच्या त्याच्या पद्धतीने ओळी घालून, पुन्हा बांधणारा मिल्टर लागतो. आणि डीकेआयएमची सही करणारा मिल्टर यादीत त्याच्या नंतर हवा. उलटा क्रम झाला तर तुमची प्रत्येक मेल सही मोडून बाहेर पडेल. पण दोन ओळींसाठी एवढा खटाटोप? वाचनालयात किती कम्प्युटर आहेत, चार? थंडरबर्डच्या सहीच्या चौकटीत त्या ओळी घाला. वीस मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मी कॉलेजात शिकवतो. सुट्टीवर असताना येणाऱ्या प्रत्येक मेलला ‘मी सुट्टीवर आहे’ असं उत्तर देणारी स्क्रिप्ट लिहिली होती. दापोलीहून परतलो तर एका परिषदेच्या मेलिंग लिस्टवर माझी १४० उत्तरं आणि तिथली मंडळी चिडलेली. — एक प्राध्यापक, कोथरूड

उत्तर : स्क्रिप्ट काढून टाका. तुमच्या सर्व्हरवर डव्हकॉट असेल तर सीव्हमधली, म्हणजे आलेल्या मेलसाठी नियम लिहायच्या भाषेतली, ‘व्हेकेशन’ची सोय वापरा. एकाच माणसाला ती मुळात ७ दिवसांत एकदाच उत्तर देते, ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये तुमचा पत्ता नसेल तर गप्प बसते आणि लिस्टवरून आलेल्या मेलना हात लावत नाही. आणि भोसरीच्या वाचकांसाठीही, तुमचा प्रोग्राम ग्राहकांना उत्तरं पाठवणार आहे म्हणून : ज्या मेलच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा रिकामी असते ती परतीची चिठ्ठी असते. तिला उत्तर द्यायचं नाही. आणि आपल्या उत्तरात ‘ऑटो-सबमिटेड’ हे हेडर ‘ऑटो-रिप्लाइड’ असं लिहून घालायचं, म्हणजे समोर दुसरा कुणी प्राध्यापक दापोलीला गेलेला असला तर त्याचा सर्व्हर तुमच्याशी गप्पा मारत बसणार नाही.